जादा किल्ली

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला मी दाजी म्हणायचो, म्हणून अख्खा प्लांट त्यांना दाजी म्हणायला लागला. पट्ट्यावर कचरा निवडणाऱ्या बायका, ट्रकवाले, वजनकाट्यावरचा कारकून, सगळे. एकदा चिमी, म्हणजे माझी बहीण, त्यांचा विसरलेला डबा द्यायला गेटवर आली, तर वॉचमन आत बघून ओरडला, "दाजी, घरून आल्यात!" संध्याकाळी ती मला म्हणाली, "दादा, आज मला एकदम साठ भाऊ मिळाले. कामाचा एकही नाही."

डबा विसरणं हे दाजींचं रोजचंच होतं. डबा, छत्री, चष्मा. बसमधून उतरताना एकदा स्वतःची पिशवी विसरून दुसऱ्याची घेऊन आले आणि ती परत द्यायला तीन थांबे पळाले. माणूस असा की त्याच्यावर चिडावं आणि चिडता चिडता हसू यावं.

शहराचा कचरा आमच्याकडे यायचा. मी तिथे फिटर होतो. माणसं काय काय टाकतात हे ज्याला बघायचं असेल त्याने एक दिवस त्या पट्ट्याशी उभं राहावं. सुया, फुटक्या काचा, लहान मुलांचे डायपर, मेलेली मांजरं, आणि मोबाइलच्या बॅटऱ्या, ज्या चेपल्या गेल्या की भडकन पेटायच्या. वास कितीही आंघोळ केली तरी जायचा नाही. बसमध्ये माझ्या शेजारची सीट कायम रिकामी असायची. दाजी म्हणायचे, "दादा, एवढा ऐसपैस प्रवास मंत्र्यांच्याही नशिबात नाही."

पट्ट्याच्या शेवटी प्रेस होतं. खोलीएवढी लोखंडी पेटी. निवडलेला पुठ्ठा आणि प्लास्टिक वरून तिच्यात पडायचं, मग पेटीची एक भिंत पुढे सरकायची आणि सगळं दाबून त्याचा गठ्ठा करायची. गठ्ठा बांधायची तार दिवसातून एकदा तरी आत गुंतायचीच. मग कुणीतरी शिडीच्या सात पायऱ्या चढून वरच्या तोंडातून आत उतरायचं, गुडघाभर घाणीत उभं राहून कटरने ती तार तोडायची. दाजी अंगाने काटक, म्हणून ते काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं.

आत उतरायचा एक नियम होता, आणि त्या प्लांटमध्ये एवढा एकच नियम सगळे मनापासून पाळायचे. प्रत्येकाला आपलं एक लाल कुलूप होतं. आधी पॅनलचा मुख्य स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप ठोकायचं, किल्ली आपल्या खिशात टाकायची आणि मग उतरायचं. किल्ली एकच. ज्याने लावलं त्यानेच काढायचं, मग साहेब का येईना. कुलूपही असं की उघडं असताना किल्ली त्यातून निघतच नाही, बंद केलं तरच बाहेर येते. म्हणजे किल्ली खिशात असली की कुलूप लागलेलं आहे, हे डोळे मिटून समजायचं. दाजी शिडी चढण्याआधी उजव्या खिशावर तीनदा थापटायचे आणि म्हणायचे, "जीव खिशात आहे." त्यांची किल्ली हरवू नये म्हणून माझ्या भाचीने, तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आईचं गुलाबी नेलपॉलिश तिच्या डोक्याला फासून ठेवलं होतं. सगळे चिडवायचे. दाजी म्हणायचे, "जळताय. तुमच्या जिवाला रंग नाही."

आता विसरभोळेपणाचं. तार तोडून दाजी बाहेर यायचे, आंघोळ करायचे, आणि कुलूप तसंच ठेवून, किल्ली खिशात घेऊन सरळ घरी जायचे. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी त्यांचा फोनही बंद होता. दोन तास प्रेस बंद, बाहेर रस्त्यापर्यंत ट्रकांची रांग, आणि मुकादमाच्या तोंडाचा पट्टा चालू. पण एक गोष्ट लक्षात घ्या, आणि ही मला तेव्हाही कळत होती. दाजी कुलूप काढायला विसरायचे. लावायला एकदाही विसरले नाहीत.

मुकादमाने मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, "मिस्त्री, तुझ्या पाहुण्याच्या कुलपाची एक जादा किल्ली करून आण. त्याला सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेईल." मी नियमाचं काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "वापरायची कुणाला आहे? अडीनडीला असू दे." मलाही पटलं. खरं सांगायचं तर मला दाजींच्या त्या वेंधळेपणाची लाज वाटायची. आपला माणूस म्हणून बोलणी मला खावी लागायची. दुसऱ्या दिवशी दाजी आंघोळीला गेले असताना मी खुंटीवरच्या त्यांच्या पँटमधून किल्ली काढली, गेटबाहेरच्या पुलाखालच्या किल्लीवाल्याकडे नेली आणि ते केस पुसत बाहेर यायच्या आत परत जागेवर ठेवली. स्वतःच्या चलाखीवर खूश होतो मी.

ती जादा किल्ली मुकादमाच्या ड्रॉवरमध्ये पाच महिने पडून होती.

त्या दिवशी दुपारची पाळी बदलायची वेळ झाली होती. मी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक रोलर बदलत होतो. परत आलो तर प्रेस बंद, पुठ्ठ्याचा डोंगर साचलेला, पॅनलवर दाजींचं लाल कुलूप. खुंटीकडे बघितलं. त्यांची डब्याची पिशवी नव्हती. मुकादम म्हणाला, "गेला! गेला तुझा दाजी पुन्हा किल्ली घेऊन!" मी दोनदा हाक मारली. पट्ट्यांचा एवढा गोंगाट, आणि आत उतरताना कान झाकणारे ते गोल डबे सगळेच लावायचे. ते मला माहीत होतं. मुकादमाने ड्रॉवरमधली किल्ली आणून माझ्या हातात ठेवली.

शिडीला सात पायऱ्या होत्या. वर जाऊन डोकावायला किती वेळ लागतो? माझा गुडघा दुखत होता, आणि माझं डोकं तापलं होतं. मी कुलूप उघडलं, स्विच वर केला आणि हिरवं बटण दाबलं.

आवाज ऐकून मी लाल बटण दाबलं तोवर दोन सेकंद गेले असतील. पिशवी त्यांनी त्या दिवशी मुंग्या लागतात म्हणून शिडीच्या मागे टांगली होती.

दाजी वाचले. उजवा पाय मांडीपासून गेला, डावा राहिला तो नावालाच. हॉस्पिटलमध्ये नर्सने त्यांच्या खिशातल्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला दिल्या. घड्याळ, कंगवा, बसचा पास, आणि गुलाबी डोक्याची किल्ली. चिमी अजून यायची होती. घाबरलो होतो, काही सुचत नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. ते खोटं आहे. मला चांगलं सुचत होतं. मी ती किल्ली काढून माझ्या खिशात टाकली आणि बाकीची पिशवी चिमीला दिली.

चौकशी झाली. पॅनलवर कुलूप उघडं लटकत होतं आणि त्यात किल्ली होती, म्हणजे ती जादाची. त्या साहेबाला काय माहीत की किल्ल्या दोन आहेत? त्याने मला विचारलं, "तुम्ही आलात तेव्हा कुलूप उघडंच होतं?" मुकादम माझ्याकडे बघत होता. मी "हो" म्हणालो. साहेबाने लिहिलं की कामगार कुलूप लावायला विसरला. कुणालाच नवल वाटलं नाही. डबा विसरणारा माणूस, कुलूपही विसरणार. पुढच्याच वर्षी मुकादम नोकरी सोडून गेला, नंतर तो वारल्याचं कळलं. मग ती गोष्ट जगात मला एकट्यालाच माहीत उरली.

दाजींना त्या दिवसाचं सकाळच्या चहापर्यंतचंच आठवत होतं. पुढचं सगळं पुसलं गेलं. त्यांना सांगितलं गेलं ते त्यांनी मानलं. दहाव्या दिवशी मी पलंगाशी बसलो होतो, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "दादा, माझ्या वेंधळेपणापायी तुमच्या हातून हे घडलं. मला माफ करा." मी त्यांच्या हातातला हात काढूनही घेतला नाही.

तो माणूस त्यानंतर बदलला. घरी बसून लोकांचे पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायला लागला, विनोदही करायचा, पण स्वतःवरचा विश्वास उडाला तो उडालाच. घरभर चिठ्ठ्या. शेगडीवर 'गॅस?', मोरीत 'नळ?', दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात 'कुलूप?' कुबड्या घेऊन ते उठायचे आणि बंद केलेला गॅस पुन्हा बघून यायचे, रात्रीतून तीनतीनदा. चिमी सुरुवातीला गप्प राहिली. पण घर ओढता ओढता ती दमली, आणि भांडणात तिच्या तोंडून निघायला लागलं, "एक कुलूप लावायचं लक्षात राहिलं असतं ना तुमच्या, तर आज ही वेळ आली नसती." दाजी मान खाली घालायचे. म्हणायचे, "खरंय तुझं." मी दर रविवारी त्यांच्याकडे जायचो. यातलं पुष्कळसं माझ्यासमोर व्हायचं. मी चहा पीत बसायचो.

अकरा वर्षं अशी गेली.

मागच्या रविवारी गेलो तर घरात गडबड होती. भाची, आम्ही तिला बबडी म्हणतो, वीजतंत्रीचं शिकून बिस्किटांच्या कारखान्यात लागली होती. पीठ मळायची अजस्र यंत्रं असतात, त्यांच्या देखभालीला. दाजी म्हणाले, "बाप कचऱ्यात, लेक बिस्किटांत. दादा, घराण्याचा वास सुधारला!" चिमी कधी नव्हे ती हसली.

बबडीने पर्समधून लाल कुलूप काढून टेबलावर ठेवलं. सोमवारपासून ती कामावर उतरणार होती. अगदी तसंच कुलूप. मी हातातला चहाचा कप खाली ठेवला, पण माझ्याकडे बघतंय कोण?

दाजींनी ते हातात घेतलं, वजन केल्यासारखं तोललं. "बबडे, इकडे बस. एवढं एक ऐक बापाचं. आत जायच्या आधी हे लावायचं. काहीही होवो. तुझ्या बापाने एक दिवस नाही लावलं, बघ काय झालं." त्यांनी दुमडलेल्या पँटवर हात ठेवला. "मामाला विचार. तो होता तिथे."

"बाबा, मला माहितीये रे," बबडी म्हणाली. "किती वेळा सांगशील? पण मीही तुझ्यावरच गेलेय ना, परवा चप्पलसुद्धा दोन वेगवेगळ्या घालून गेले. म्हणून मी उपाय काढलाय." ती माझ्याकडे वळली. "मामा, तुझा तो पुलाखालचा किल्लीवाला अजून बसतो ना? याची एक जादा किल्ली करून दे. माझ्याबरोबर एक ताई आहे, तिच्याकडे ठेवते. मी कुलूप तसंच ठेवून घरी आले तर काम तरी अडायला नको."

"चालतं का तसं?" चिमीने विचारलं.

"नाही चालत. पण कळणार कुणाला?"

दाजी म्हणाले, "पोरगी हुशार आहे हं. मी तीनदा प्लांट अडवला होता. एक जादा किल्ली असती तर मुकादमाच्या शिव्या तरी वाचल्या असत्या. आमच्या वेळी कुणाला सुचलंच नाही."

बबडीने कुलूप आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी चप्पल घालून निघालो.

किल्लीवाला अजून तिथेच बसतो. केस पांढरे झालेत एवढंच. त्याने किल्ली बघितली आणि विचारलं, "किती करू?" मला वाटलं, त्याला नको म्हणावं आणि घरी जाऊन सांगावं की दुकान बंद होतं. मग ती दुसरीकडून करून घेईल. तिला समजावून सांगावं, असं करू नको, धोका असतो. ती विचारेल, कसला धोका मामा, बाबांचं तर कुलूपच लावायचं राहिलं होतं. काय सांगणार होतो मी तिला? आमच्या घरात त्या कुलपाची एकच गोष्ट सांगितली जायची, आणि ती माझी होती. ती ऐकूनच पोरगी जादा किल्ली करायला निघाली होती.

"काका, किती करू?" त्याने पुन्हा विचारलं.

"करू नको," मी म्हणालो आणि माझ्या घरी गेलो. माळ्यावर स्क्रूंचा एक डबा आहे. त्याच्या तळाशी ती होती. गुलाबी रंग थोडा उडाला होता.

चिमीकडे परत आलो तेव्हा माझा मघाचा चहा झाकून ठेवलेला होता. मी बबडीचं कुलूप, तिची किल्ली, आणि तिच्या शेजारी ती जुनी किल्ली टेबलावर ठेवली.

बबडीने आधी ओळखली. "अय्या, हे माझं नेलपॉलिश! ही बाबांची किल्ली. कुठे मिळाली, मामा?"

"बाबांच्या खिशात होती," मी म्हणालो. "त्या दिवशी. हॉस्पिटलमध्ये नर्सने मला दिली."

दाजींच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला. त्यांनी ती कुलपं सहा वर्षं वापरली होती. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. तरी ते म्हणाले, "पण किल्ली तर कुलपातच होती ना. साहेबाने लिहिलंय तसं."

"ती जादाची होती, दाजी. मुकादमाने करायला सांगितली, मी करून आणली. तुमच्या पँटमधून काढून. तुमचं कुलूप लागलेलं होतं. मला वाटलं तुम्ही घरी गेलात. मी उघडलं. वर चढून बघितलं नाही." एवढं बोलायला मला अकरा वर्षं लागली होती आणि ते अर्ध्या मिनिटात संपलं. "बबडे, म्हणून करायची नाही जादा किल्ली. कुणाकडे ठेवायची नाही. माझ्याकडेसुद्धा नाही."

मी वाट बघत होतो. दाजींनी काहीतरी फेकून मारावं, असं वाटत होतं. त्यांनी ती किल्ली उचलली, अंगठ्याने तिच्यावरचा रंग चोळला. त्यांचा चेहरा मला ओळखू येईना.

"म्हणजे मी लावलं होतं," ते म्हणाले.



"अगं, ऐकलंस का? मी लावलं होतं!" ते चिमीकडे वळले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. "मी विसरलो नव्हतो गं."

चिमी माझ्याकडे बघत होती. तिने आवाज चढवला नाही. "अकरा वर्षं मी ह्यांना बोलले, दादा. काय काय बोलले मी. तू इथे बसून ऐकायचास." तिने टेबलावरून माझा चहाचा कप उचलला, मोरीत नेऊन ओतला आणि विसळून पालथा घातला. "आता जा तू."

बबडी दाराशी आली, पण माझ्याकडे बघेना. तिने आपली किल्ली मुठीत घट्ट धरली होती. दाराच्या आतल्या बाजूची 'कुलूप?' लिहिलेली चिठ्ठी तिने नखाने खरवडायला घेतली. जुना डिंक, निघत नव्हता.

मी जिन्यात चप्पल घालत होतो तेव्हा आतून दाजींचा आवाज आला. ते फोनवर कुणाशी तरी बोलत होते, प्लांटवरच्या जुन्या माणसाशी. "अरे, मी दाजी बोलतोय. हो हो, बरा आहे. ऐक ना, एक सांगायचं होतं. मी कुलूप लावलं होतं रे. हो. लावलं होतं." मग फोन ठेवल्याचा आवाज, आणि पुन्हा नंबर लावल्याचा. मी खालच्या मजल्यावर पोहोचलो तरी ऐकू येत होतं. "ओळखलंस का? दाजी बोलतोय."